आण्णांचे जहाजावरचे सोबती शोधायचे आहेत (विक्रांत, १९७१) – मदत हवी

कळंब्याची | १४ नोव्हेंबर, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचते आणि गुपचूप निघून जाते. धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

परवा वडिलांना (आम्ही आण्णा म्हणतो) हयातीच्या दाखल्यासाठी घेऊन गेले होते. अंगठा मशीनवर लागेना. चारदा पुसला, पाचव्यांदा लागला. जन्मभर बॉयलरशी झटलेल्या माणसाच्या बोटांना रेघा राहिल्यात कुठे! परत येताना रिक्षात गप्प होते. बिंदू चौक ओलांडला आणि एकदम म्हणाले, "कोचीन असंल का गं अजून?"

मला वाटलं शहराबद्दल विचारतायत. म्हटलं, असणारच की, जाईल कुठं? तर माझ्याकडे असं बघितलं, की शाळेतच परत गेल्यासारखं वाटलं.

कोचीन म्हणजे माणूस. आण्णा १९६८ साली नेव्हीत भरती झाले, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर ट्रेनिंग केलं आणि स्टोकर (बॉयलर पेटता ठेवणारा खलाशी) म्हणून विक्रांतवर गेले. ७१ च्या लढाईत ते विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये होते. तिथं त्यांच्या टोळक्यात कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. आण्णांना सगळे 'कोल्हापूर' म्हणायचे. बाकीचे कोचीन, सालेम, कलकत्ता, रत्नागिरी, पंडत आणि छोटा सरदार. मोठा सरदार कोण होता ते आण्णांना आठवत नाही, पण छोटा होता हे नक्की.

१९८३ ला पेन्शन घेऊन आले ते इथल्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून लागले, तिथून २००८ ला रिटायर. वय आता ७५. आई जाऊन दोन वर्षं झाली. सकाळी रंकाळ्याला एक फेरी, मग दिवसभर गॅलरीत.

पत्ते होते हो. शुक्रवार पेठेतल्या घरात एक काळी ट्रंक होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात आण्णांचं नाव आणि नंबर. २०१९ च्या पुरात पंचगंगा घरात आली. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर वहीचा लगदा आणि फोटो एकमेकांना चिकटून वीट झालेली. आण्णांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "ठेव तशीच." अजून तशीच आहे.

बाकी सहा जणांपैकी एकाचंही खरं नाव आण्णांना सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू?

---

पन्हाळ्याचा_वारा | १४ नोव्हेंबर, रात्री १०.३२

ताई, जहाजावर 'कोल्हापूर' नावाचा माणूस आणि तोही बॉयलरवर! नाद खुळा. मला काडीची माहिती नाही, पण धागा खाली जाऊ नये म्हणून लिहितोय. आण्णांना मुजरा सांगा.

---

शंकासुर | १४ नोव्हेंबर, रात्री ११.०५

सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका. १९७१ साली विक्रांतवर कोण कोण होतं, त्यांचे आजचे पत्ते काय. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

अवांतर: कराची जाळली ती विक्रांतनंच ना? आण्णांना विचारून लिहा की सविस्तर.

---

दर्यावर्दी | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

मी स्वतः नेव्हीतून चीफ (सेलरमधला वरचा हुद्दा) म्हणून निवृत्त झालोय, आण्णांच्या बऱ्याच नंतरचा. मला ठाऊक आहे तेवढं सांगतो.

शंकासुर, माहिती अधिकारात दुसऱ्याचा घरचा पत्ता मिळत नाही. कलम ८(१)(जे), खासगी माहिती. आणि मिळू नये हेच बरं. उद्या कुणीही उठून माझा पत्ता मागेल.

ताई, आण्णांचं सर्व्हिस सर्टिफिकेट शोधा. त्यात कुठल्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत हे असतं. ते पुरात गेलं असलं तरी पेन्शनच्या कागदांवर ऑफिशियल नंबर असणारच. नेव्हीत माणूस नावानं सापडत नाही, नंबरानं सापडतो. एकत्र भरती झालेल्या पोरांचे नंबर बहुतेक जवळजवळचे असतात, त्यामुळे त्या सहांपैकी कुणी आण्णांच्याच बॅचचा असेल तर तो धागा आहे.

सेलर लोकांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतं, पेन्शन ऑफिसही तिथेच आयएनएस तानाजीमध्ये. पत्ता मागू नका. तुमचं पत्र बंद पाकिटात द्या आणि विनंती करा की संबंधित माणूस हयात असेल तर त्याच्याकडे पोचवावं, उत्तर द्यायचं की नाही हे त्याच्यावर सोडावं. मानतील याची खात्री देत नाही, पण पत्ता मागण्यापेक्षा हा रस्ता सरळ आहे.

दुसरं, प्रत्येक जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय असतं, आपल्याकडे तसं केरळ-तामिळनाडूतही. आणि सगळ्यात मोठं रेकॉर्ड ऑफिस म्हणजे कॅन्टीनची रांग आणि ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यातला बाक. टेंबलाईच्या बाजूला जाल तेव्हा आण्णांना घेऊन जा, एकटीनं जाऊ नका. त्यांच्या तोंडून "विक्रांत" ऐकलं की दोघं-तिघं आपोआप सरकून जवळ बसतील.

आणि एक कळकळीचं: नंबर, पीपीओ (पेन्शनचा आदेश), मेडलचे फोटो असलं काहीही इथं उघड टाकू नका. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना 'स्पर्शमधून (सैन्याच्या पेन्शनचं पोर्टल) बोलतोय, ओटीपी सांगा' म्हणणारे टपून बसलेत.

---

इतिहासवेडा | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.४८

शंकासुर, कराची विक्रांतनं नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर या मिसाईल बोटी. म्हणून ४ डिसेंबर नौदल दिन. विक्रांत तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला, बंगालच्या उपसागरात होती. तिची सी हॉक विमानं त्याच दिवशी कॉक्स बाजार आणि चितगावावर गेली. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतलाच शोधत आली होती आणि विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. विक्रांत तोवर अंदमानात लपवलेली.

पण या धाग्यात खरं मोल बॉयलरचं आहे. विक्रांतला चार बॉयलर. त्यातल्या एकाला लढाईच्या आधीच तडे गेलेले, दुरुस्तीचं सामान विलायतेहून यायचं होतं. जहाज लढाईला न्यायचं की धक्क्यावर ठेवायचं यावर वरच्या पातळीवर बरीच भवति न भवति झाली. शेवटी तीन बॉयलरवर, वेग कमी ठेवून, नेलं. विमानवाहू जहाजाला वेग लागतो तो विमान उडवायला, समोरचा वारा मिळावा म्हणून. तो वेग ज्यांनी खाली बसून पुरवला ते स्टोकर. पुस्तकं वैमानिकांवर निघतात, त्याला इलाज नाही. ताई, आण्णांना विचारा ना तेव्हाचं.

---

कळंब्याची | १६ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

सगळ्यांचे आभार. विचारलं. उत्तर जसंच्या तसं: "चौथा बंद हुता. तीनावर चालीवलं. त्यात काय विशेष? कारखान्यात दोनच हुते."

झालं. पुढं चहा प्यायले.

सर्टिफिकेट सापडलं! माळ्यावर आईच्या साड्यांच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये. आईनं ते ट्रंकेत ठेवलंच नव्हतं. सोबत दोन मेडलं, संग्राम आणि पूर्वी स्टार. मानखुर्दला पत्र पाठवतेय.

नावं मात्र अजूनही नाहीत. मी रोज विचारते, "आण्णा, कोचीनचं खरं नाव काय?" आणि ते चिडतात. काल म्हणाले, "परीक्षा घ्यायलीस व्हय?"

---

मीठभाकर | १६ नोव्हेंबर, रात्री ९.५७

थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका.

माझे बाबा आयएनएस खुकरी या युद्धनौकेच्या स्क्वाड्रनमधल्या दुसऱ्या जहाजावर होते. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ सेलर गेले. त्यात बाबांचा गाववाला मित्र. बाबा घरात या विषयावर कधी बोलले नाहीत. आम्ही भावंडांनी हौसेनं, त्यांना न विचारता, एका कार्यक्रमाला नेलं. तिथं एका बाईंनी बाबांचा हात धरून विचारलं, "तुम्ही होतात ना तिथं? मग काय झालं?" त्या बाईंचं काही चुकलं नाही. पण बाबा त्यानंतर महिनाभर रात्री अंगणात बसून असायचे.

शोधू नका म्हणत नाही. पण सहा जणांची यादी घेऊन निघालात तर सहाही सापडणार नाहीत, आणि सापडतील त्यातले काही फोटोत हार घातलेले असतील. ती तयारी आधी तुमची हवी, मग आण्णांची.

---

उगाचच | १६ नोव्हेंबर, रात्री १०.२०

गेलेल्यांचं सांगूच नका की. "पत्ता लागला नाही" म्हणायचं. या वयात कशाला?

---

मीठभाकर | १६ नोव्हेंबर, रात्री १०.४१

@उगाचच, या वयातल्या माणसाला मरणाची बातमी नवी नसते. पोरानं खोटं बोललेलं मात्र लगेच कळतं.

---

सांजवात | १७ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

मी ज्येष्ठांच्या देखभालीचं काम करते, सांगलीत. ताई, नाव विचारणं बंद करा. एक तर जे नाव त्यांनी कधी उच्चारलंच नाही ते आठवणार कसं? आणि "नाव काय" हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात डॉक्टर विचारतात, डोकं ठिकाणावर आहे का बघायला. ते चिडणारच.

बाजूनं विचारा. कोचीन जेवायला काय मागायचा? शिव्या कुठल्या भाषेत द्यायचा? सुट्टीला कुठल्या स्टेशनवर उतरायचा? त्याची पत्रं कुठून यायची? आणि बसून विचारू नका. शेंगा निवडताना, भाजी चिरताना विचारा. हात कामात असले की माणूस बोलतो.

फोटोंची वीट फेकू नका. जुने काळे-पांढरे फोटो स्वच्छ पाण्यात भिजवून कधीकधी सुटतात, पण घरी प्रयोग नको. जाणत्याकडे द्या. ओढून तर अजिबात काढू नका.

---

कळंब्याची | १९ नोव्हेंबर, रात्री ९.०५

सांजवात, तुम्हाला काय देऊ सांगा.

आज मेथी निवडायला बसवलं. सहज म्हटलं, कोचीन घरी पैसे कसे पाठवायचा? आण्णा मान वर न करता म्हणाले, "मनीऑर्डर. फारम मीच भरायचो त्याचा. त्याचं अक्षर पोस्टातल्याला लागायचं न्हाई." मग कुठं जायची मनीऑर्डर? "ओट्टपालम." एका दमात. वर म्हणाले, "दोन टी हैत त्यात, एक लिवला की पोस्टमास्तर वरडायचा."

मी नकाशा काढून बघितलं. ओट्टपालम कोचीनजवळ नाहीच, पालघाट जिल्ह्यात आहे. विचारलं, मग त्याला कोचीन का म्हणत होता? तर म्हणे तो आधी कोचीनला होता, तिथून ड्राफ्टवर (बदलीवर) विक्रांतवर आला, म्हणून कोचीन. तो कोचीनचा नव्हताच कधी! मी पाच दिवस एर्नाकुलमच्या माजी सैनिकांचे ग्रुप धुंडाळत होते.

---

दर्यावर्दी | १९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

हाहा. आमच्यात एक 'बॉम्बे' होता, तो बिहारचा. ताई, बाकीच्यांच्या गावांवरही आता भरवसा ठेवू नका.

---

विटेकर_गलाईवाला | २० नोव्हेंबर, दुपारी १.१२

ताई नमस्कार. मी मूळचा विट्याचा. वीस वर्षं त्रिचूरला सोनं-चांदी गलाईच्या धंद्यात आहे. आमच्या खानापूर-आटपाडीची माणसं तुम्हाला दक्षिणेत प्रत्येक सराफ कट्ट्यावर सापडतील. ओट्टपालमला आमच्या पाहुण्यांचं दुकान आहे, मला मल्याळम येतं. रविवारी जाऊन येतो. फक्त एवढं सांगा, म्हातारा भेटला तर तोच आहे हे ओळखायचं कसं? आण्णांचा तरुणपणीचा फोटो असला तर पाठवा, इथं नको, व्यनित (व्यक्तिगत निरोपात).

---

दर्यावर्दी | २० नोव्हेंबर, दुपारी २.००

फोटोबरोबर एक खुणेचा प्रश्न ठेवा. असा, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही आणि फक्त त्या दोघांना ठाऊक.

---

कळंब्याची | २० नोव्हेंबर, सायंकाळी ७.४०

आण्णांना खुणेचा प्रश्न विचारला. जरासुद्धा थांबले नाहीत. "इचार त्याला, कोल्हापूरची बरणी कुणी फोडली?"

माझी आजी दर सुट्टीनंतर कांदा-लसूण चटणीची काचेची बरणी द्यायची. मुंबईला जहाजावर पोचेपर्यंत निम्मी आणि मेसमध्ये दोन दिवसांत खल्लास. १९७० की ७२ साली एक बरणी न उघडताच फुटली. तेव्हापासूनची चौकशी अजून प्रलंबित आहे.

---

पन्हाळ्याचा_वारा | २० नोव्हेंबर, सायंकाळी ७.५२

ह्या प्रकरणाचा निकाल लागल्याशिवाय मी हा धागा सोडत नाही.

---

विटेकर_गलाईवाला | २३ नोव्हेंबर, रात्री १०.३०

ताई, म्हातारा सापडला.

आधी पाहुण्यांना विचारलं, काही नाही. माजी सैनिकांच्या कुणाला माहीत नाही, कारण कोचीन नावानं इथं कोण ओळखणार? मग एका रिटायर झालेल्या पोस्टमनकडे गेलो. म्हटलं, सत्तरच्या सुमारास मुंबईहून मनीऑर्डर यायची, नेव्हीतला माणूस. तो हसला. गावापासून चार-पाच किलोमीटरवर एक घर आहे, त्या म्हाताऱ्याला सगळे 'नेव्ही'च म्हणतात. म्हणजे जहाजावर कोचीन आणि गावात नेव्ही. त्या बिचाऱ्याला नावानं हाक कोण मारतं देव जाणे. (नाव मला कळलंय, व्यनित कळवतो.)

घरी गेलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खुर्चीत बसून असतात, कानानं अगदीच कमी. नातवानं कागदावर लिहून दाखवलं: कोल्हापूर. मग फोटो दिला. बराच वेळ फोटो मांडीवर धरून बसले. मी बरणीचा प्रश्न लिहून दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि हिंदीत, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पंडत ने तोडा! नाम मेरा लगा!"

मला चहा, केळ्याचे वेफर्स आणि जेवण. तीन तास सोडलं नाही.

---

पन्हाळ्याचा_वारा | २३ नोव्हेंबर, रात्री १०.३४

निकाल लागला!!! विटेकर, मानलं तुम्हाला.

---

कळंब्याची | २४ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

काल रात्रीच आण्णांना उठवून सांगितलं. पलंगावर उठून बसले. "पंडत? पंडत व्हय!" आणि मग बराच वेळ काहीच नाही. पाणी मागितलं, प्यायले, झोपले. सकाळी दाढी केलेली दिसली. एरवी दिवसाआड करतात.

विटेकर, हे मी जन्मात फेडू शकत नाही. पुढच्या वेळी गावाकडं याल तेव्हा जेवायला घरी या. तांबडा-पांढरा करते.

---

कळंब्याची | ३० नोव्हेंबर, रात्री ८.४५

आज व्हिडिओ कॉल केला. काय झालं ते सगळं लिहिते, कारण मी पार चुकले होते.

आण्णांना मशीन दिलंय, पण ते कानात घालत नाहीत ("शिट्टी मारतंय"). मी त्यांना इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसवलं, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पलीकडे पांढरं मुंडू नेसलेले काका, शेजारी नातू. कॉल लागला. आण्णा ओरडले, "हॅलो!" तिकडून "हॅलो!" परत हॅलो. असे आठ-दहा हॅलो झाले. कुणालाच काही ऐकू जाईना. नातू माझ्याशी बोलायला लागला, मी त्याच्याशी, आणि दोन म्हातारी माणसं नुसती एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मला भरून यायला लागलं. इतकी धडपड करून हे असं? कट करावं, पत्रच लिहावं, असं मनात आलं.

तेवढ्यात पलीकडून काकांनी हात वर केला, दोन बोटं. आणि जोरात हलवली.

आण्णांनी क्षणाचाही विचार न करता तीन बोटं दाखवली, मग पंजा आडवा करून खाली दाबला. काका हसायला लागले, इतके की नातवानं त्यांना धरलं. आण्णाही हसत होते. नंतर दहा मिनिटं हेच. बोटं, पंजे, मुठी, गळ्याखाली हात फिरवणं, एकदा तर आण्णांनी उभं राहून काहीतरी चाक फिरवल्यासारखं केलं. एक शब्द नाही.

कॉल संपल्यावर विचारलं, काय बोललात? म्हणाले, "दोन स्प्रेयर लाव म्हणला. म्या म्हणलं तीन लावल्यात, गप बस."

बॉयलरसमोर आवाजात काही ऐकू जायचं नाही. किती स्प्रेयर पेटवायचे (तेलाचा फवारा मारून जाळणारी तोंडं असतात ती) ते बोटांनीच सांगायचं. चोपन्न वर्षं झाली. परवा दिलेली गोळी घेतली का हे त्यांना आठवत नाही.

---

दर्यावर्दी | ३० नोव्हेंबर, रात्री ९.१०

ताई, मी हे बायकोला वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यात तिच्या हातात फोन दिला.

---

इतिहासवेडा | ३० नोव्हेंबर, रात्री ९.२६

मी बॉयलरबद्दल एवढं लिहिलं आणि हे मला कुठंच वाचायला मिळालं नव्हतं. जमलं तर त्या सगळ्या खुणांचा व्हिडिओ करून ठेवा. विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, २०१४ ला भंगारात गेली, तिच्या लोखंडातून मोटरसायकल निघाली. हे हातवारे मात्र कुणी जपलेले नाहीत.

---

पन्हाळ्याचा_वारा | ३० नोव्हेंबर, रात्री ९.४०

ती मोटरसायकल माझ्या चुलत्याकडं आहे! आण्णांना हात लावायचा असला तर रविवारी घेऊन येतो.

---

कळंब्याची | ८ डिसेंबर, रात्री ९.३०

चांगल्या बातम्यांच्या मागून दुसरी येतेच.

रत्नागिरी गेले. सहा वर्षं झाली. मीठभाकरांनी ओळखीतून शोधून दिलं. ते खरोखर रत्नागिरीचेच होते, संगमेश्वर तालुक्यातले. त्यांच्या मिसेस आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, "आमचे हे कोल्हापूरच्या चटणीचं सांगायचे." सालेमही गेले, ते मानखुर्दच्या पत्रानंतर त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा कळलं. पत्र पोचवलं गेलं, हे नमूद करते. बाकी तिघांचा पत्ता नाही.

मी दोन दिवस सांगितलं नाही. उगाचच यांचं म्हणणं मला पटायला लागलं होतं, खरं सांगते. तिसऱ्या दिवशी आण्णाच म्हणाले, "रत्नागिरीचं काय कळलं ते सांगून टाक की. तुझं तोंड बघून जेवण जाईना झालंय."

सांगितलं. जेवले नाहीत त्या रात्री. सकाळी कपाटातून कारखान्याची जुनी लॉगशीट काढली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सात नावं लिहिली. आपलं सगळ्यात वर. कोल्हापूर आणि कोचीनपुढे बरोबरची खूण. रत्नागिरी, सालेमपुढे गोल. तिघांपुढे जागा मोकळी. कागद गॅलरीत खुर्चीशेजारी खिळ्याला लावलाय.

मग संगमेश्वरला फोन लावून द्यायला सांगितलं. त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतंच. एवढंच म्हणाले, "वैनी, मी कोल्हापूर. लई चांगला हुता," आणि फोन माझ्या हातात दिला.

---

मीठभाकर | ८ डिसेंबर, रात्री १०.१५

ताई, मी आधी जे लिहिलं ते माझ्या बाबांवरून लिहिलं. तुमचे आण्णा वेगळे आहेत. त्यांनी स्वतः विचारलं, आमच्या बाबांना आम्ही नेलं होतं.

---

शंकासुर | ९ डिसेंबर, सकाळी १०.०२

आता प्रत्यक्ष भेट घडवा! मिरजेवरून पूर्णा एक्स्प्रेस शोरनूरला जाते, तिथून ओट्टपालम जवळच. शाल-श्रीफळ, दोघांचा सत्कार, स्थानिक पेपरला बातमी. मी वर्गणी देतो.

---

कळंब्याची | ९ डिसेंबर, दुपारी ४.३०

शंकासुर, माझ्याही डोक्यात हेच होतं. मी तर तिकिटंही बघून ठेवली होती. आण्णा म्हणाले, "भेटून काय करू? त्याचा गुडगा, माझा कान. तो तिथं हाय न्हवं? असू दे." मी म्हटलं, एकदा तरी? तर म्हणाले, "रोज वॉचला भेटतोय की." (वॉच म्हणजे जहाजावरची पाळी.) ते रोज संध्याकाळी चारला कॉल करतात. दोन मिनिटं. किती बोटं दाखवली ते लॉगशीटवर लिहितात की काय अशी मला शंका आहे.

तिकिटं रद्द केली.

---

कळंब्याची | १८ जानेवारी, सकाळी ११.५०

धागा वर काढतेय, कारण आता वेगळाच प्रश्न आहे आणि हा विभाग त्याचा नाही हे माहीत आहे.

कोचीनकाकांचं पत्र आलं, इंग्रजी अक्षरांत हिंदी. त्यात शेवटी: तुझी आई पाठवायची ती लाल चटणी अजून मिळते का? आजी नाही, आई नाही, पण चटणी मला येते. तिखट जरा कमी घालू का विचारलं तर आण्णांनी माझ्याकडे परत त्या रिक्षातल्यासारखं बघितलं. तर, ओट्टपालमपर्यंत चटणी गळल्याशिवाय कशी पाठवायची? तेल सुटतं.

---

सांजवात | १८ जानेवारी, दुपारी १२.१०

कोरडी ठेवा, तेल कमी, खोबरं चांगलं भाजून. जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, मध्ये वर्तमानपत्र, वरून स्टीलचा डबा. काचेची बरणी अजिबात नको.

---

पन्हाळ्याचा_वारा | १८ जानेवारी, दुपारी १२.१४

काचेच्या बरणीचा इतिहास बघता मी सांजवात यांच्याशी सहमत.

---

विटेकर_गलाईवाला | १८ जानेवारी, दुपारी १.४०

ताई, मी मार्चमध्ये गावी येतोय, जाताना नेतो. एक बरणी मला पण.

---

कळंब्याची | २० जानेवारी, रात्री ८.२०

विटेकर, तुमची वेगळी ठेवलीय. पण आण्णा मार्चपर्यंत थांबायला तयार नाहीत आणि डब्यालाही तयार नाहीत. काचेचीच पायजे. स्वतः महाद्वार रोडला जाऊन बरणी आणली. मग गुऱ्हाळावरून वाळलेलं चिपाड आणून खोक्यात चारी बाजूंनी ठासून भरलं, मला हात लावू दिला नाही. आज स्पीड पोस्टनं गेली. खोक्यावर पत्ता त्यांनीच लिहिला, ओट्टपालममध्ये दोन टी.

पोचली की कळवते.